करारपत्र आणि पडदा : फाउस्ट-आख्यायिकेच्या चित्रपटरूपांचा एक विचार

१. विषयप्रवेश

ज्ञान, ऐश्वर्य किंवा तारुण्य यांच्या मोबदल्यात आपला आत्मा सैतानास लिहून देणाऱ्या पंडिताची कथा युरोपीय वाङ्मयात चारशेहून अधिक वर्षे नांदत आली आहे. चित्रपटकलेचा जन्म झाल्यावर दोन-तीन वर्षांच्या आतच ही कथा पडद्यावर आली आणि त्यानंतर तिने पडद्याची संगत कधी सोडली नाही. मूकपट, बोलपट, चित्रित केलेले नाटक, कळसूत्री बाहुल्यांचा चित्रपट अशी नाना रूपे तिने घेतली. या रूपांचा विचार करताना बहुतेक टीकाकार एकच प्रश्न विचारतात : अमुक चित्रपट गटेच्या महाकृतीशी किती प्रामाणिक आहे? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी इतिहासाच्या अभ्यासकास तो फारसा उपयोगी पडत नाही. कारण एक तर ही आख्यायिका गटेची नव्हे. ती गटेच्याही हाती परंपरेने आली. आणि दुसरे असे की, चित्रपटकर्त्यांनी गटेपासून जेथे जेथे फारकत घेतली, तेथेच त्यांच्या काळाचा ठसा अधिक स्पष्ट उमटलेला दिसतो.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही निराळी कसोटी योजली आहे. या कथेचा कणा म्हणजे करारपत्र. करार कोण करतो, कशाच्या बदल्यात करतो, स्वाक्षरी कोणत्या क्षणी होते आणि शेवटी त्या कागदाचे काय होते, एवढे चार प्रश्न प्रत्येक चित्रपटास विचारले म्हणजे मनुष्याच्या जबाबदारीविषयी त्या त्या काळाची कल्पना काय होती, हे बऱ्याच अंशी उलगडते. विशेषतः जर्मनीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. ज्या नटांनी व लेखकांनी १९१३ ते १९३५ या काळात सैतानाशी झालेले करार पडद्यावर रंगविले, त्यांच्यापैकी अनेकांवर १९३३ नंतर प्रत्यक्ष आयुष्यात निवड करण्याची वेळ आली. त्यांच्या निवडी एकसारख्या नव्हत्या. आणि या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढील विवेचनात दिसून येईल.

२. आख्यायिकेच्या शाखा

फाउस्ट ही केवळ कल्पित व्यक्ती नव्हे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत फिरणारा, ज्योतिष व जादूटोणा यांवर उपजीविका करणारा या नावाचा एक मनुष्य होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, १५८७ साली, फ्रांकफुर्ट येथील मुद्रक योहान श्पीस याने त्याच्याविषयीच्या लोककथांचे पुस्तक छापले. या पुस्तकातील करार चोवीस वर्षांचा आहे. मुदत भरताच सैतान फाउस्टला घेऊन जातो. पुस्तकाचा हेतू उघडच बोधपर आहे : ज्ञानाच्या लोभाने देवाकडे पाठ फिरविणाऱ्याचा अंत असाच व्हावयाचा. इंग्रज नाटककार मार्लो याने या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादावरून आपले नाटक रचले. त्याच्या १६०४ व १६१६ या दोन छापील पाठांत बरेच अंतर आहे. तथापि दोहोंतही फाउस्टचा अधःपात अटळ राहतो. इंग्रज नटमंडळ्यांबरोबर हे नाटक जर्मनीत परत गेले आणि तेथे ते हळूहळू कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात उतरले.

अठराव्या शतकात या कथेस कलाटणी मिळाली. ज्ञानाची तहान हे पाप कसे मानावे, असा प्रश्न प्रबोधनयुगास पडणे अपरिहार्य होते. फाउस्टचा उद्धार व्हावा ही कल्पना लेसिंग याने आपल्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात मांडली. गटेच्या नाटकाचा पहिला भाग १८०८ साली व दुसरा त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाला. त्याने दोन गोष्टी नव्याने घातल्या. सरळ विक्रीच्या जागी त्याने पैज आणली : एखाद्या क्षणी पूर्ण तृप्त होऊन फाउस्टने तो क्षण थांबावा अशी इच्छा केली, तरच तो हरला. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रेटशेनची करुण कथा. जुन्या पुस्तकात ही मुलगी नाही. १७७२ साली फ्रांकफुर्ट येथे बालहत्येच्या आरोपावरून देहान्त शिक्षा झालेल्या सुझाना मार्गारेटा ब्रांट हिच्या खटल्याची छाया तिच्यावर पडलेली आहे, असे अभ्यासक मानतात.

चौथी शाखा संगीतिकेची. गूनो या फ्रेंच संगीतकाराची 'फाउस्ट' ही संगीतिका १८५९ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आली आणि पुढील अर्धशतक ती जगभर गाजत राहिली. न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन संगीतिकागृह १८८३ साली उघडले तेही याच प्रयोगाने. या संगीतिकेत तत्त्वचिंतन मागे पडून मार्गेरीतची प्रेमकथा पुढे आली. चित्रपटकर्त्यांच्या हाती ही कथा आली तेव्हा लोकपुस्तक, मार्लो, गटे आणि गूनो असे चार प्रवाह त्यांच्यापुढे होते. कोणता प्रवाह कोणी का निवडला, हाच इतिहासाचा प्रश्न आहे.

३. जादूगाराचा फाउस्ट

प्रारंभीच्या चित्रपटकर्त्यांनी गूनोची वाट धरली हे साहजिकच म्हटले पाहिजे. दोन-चार मिनिटांच्या मूक फितीत कथा सांगावयाची, तर ती प्रेक्षकांस आधीच ठाऊक असली पाहिजे; आणि संगीतिकेची दृश्ये त्या काळच्या नागर प्रेक्षकास मुखोद्गत होती. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगार. १८९७ ते १९०४ या काळात तो या कथेकडे वारंवार वळला. १९०३ च्या चित्रपटात बर्लिओझच्या रचनेचा व १९०४ च्या चित्रपटात गूनोच्या संगीतिकेचा आधार होता. दोहोंत मेफिस्टोची भूमिका त्याने स्वतःच केली. १९०० साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यानेही याच कथेची एक लहानशी फीत तयार केली.

या चित्रपटांत कराराला अर्थ नाही, चमत्काराला आहे. सैतान हात उगारतो आणि वृद्धाचा तरुण होतो, रिकाम्या जागी स्त्री प्रकट होते. कॅमेरा थांबवून पात्र बदलणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे या युक्त्या मेलिएसने अशा विषयांतून विकसित केल्या. येथे मेफिस्टो म्हणजे वस्तुतः चित्रपटकर्ताच. या बाललीलांकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. सैतानाची शक्ती आणि कॅमेऱ्याची शक्ती ही एकमेकींची रूपे आहेत, ही जाणीव येथेच प्रथम झाली. पुढच्या सर्व गंभीर कृतींनी ती वारशाने घेतली.

४. 'प्रागचा विद्यार्थी'

१९१३ साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेल्या 'प्रागचा विद्यार्थी' या चित्रपटाने ही जाणीव कथेच्या गाभ्यात नेली. स्टेलान ऱ्यू हा डॅनिश दिग्दर्शक, हान्स हाइन्झ एव्हर्स हा लेखक, पाउल वेगेनर हा नट आणि ग्वीडो झेबर हा छायालेखक अशी ही मंडळी होती. बाल्डुइन हा निर्धन पण तलवारबहाद्दर विद्यार्थी. स्कापिनेल्ली नावाचा गूढ वृद्ध त्यास अमाप सोने देऊ करतो. मोबदल्यात त्याच्या खोलीतील हवी ती एक वस्तू उचलण्याचा अधिकार मागतो. खोलीत काहीच नसल्याने बाल्डुइन हसत स्वाक्षरी करतो. आणि वृद्ध आरशातील त्याचे प्रतिबिंब घेऊन जातो.

या एका कल्पनेने चित्रपटमाध्यमाने आख्यायिकेस स्वतःची अशी भर घातली. आत्मा दाखविता येत नाही. प्रतिबिंब दाखविता येते. ते प्रतिबिंब आरशातून बाहेर पडून स्वतंत्रपणे वावरू लागते, आणि प्रतिस्पर्ध्यास द्वंद्वात मारणार नाही असे वचन बाल्डुइनने दिले असता त्याचे प्रतिरूप ती हत्या करून मोकळे होते. अखेर बाल्डुइन त्या प्रतिरूपावर गोळी झाडतो आणि स्वतःच मरून पडतो. मानसशास्त्रज्ञ ओटो रांक याने १९१४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधाचा प्रारंभ याच चित्रपटाच्या चर्चेने केला, यावरून तत्कालीन विचारवंतांवरील त्याचा परिणाम ध्यानी येईल.

जबाबदारीच्या दृष्टीने पाहता येथे एक सूक्ष्म बदल झाला आहे. लोकपुस्तकातील फाउस्टला आपण काय विकतो हे पुरते ठाऊक असते. बाल्डुइनला ते ठाऊक नाही. त्याने मजकूर वाचला, पण अर्थ ओळखला नाही. त्याचे गुन्हे त्याचेच रूप करते, पण तो स्वतः करीत नाही. 'ते कृत्य माझे नव्हे, माझ्यासारख्या दिसणाऱ्याचे' असे म्हणण्याची सोय प्रथम येथे झाली. चित्रपट मात्र ही सबब मान्य करीत नाही; प्रतिरूपास लागलेली गोळी बाल्डुइनच्याच छातीत निघते.

५. मुर्नाऊचा 'फाउस्ट'

मूकपटाच्या युगातील या विषयावरील सर्वश्रेष्ठ कृती म्हणून मुर्नाऊच्या १९२६ च्या 'फाउस्ट'कडे बोट दाखवावे लागते. ऊफा या बलाढ्य कंपनीने प्रचंड खर्च करून तो तयार केला. योस्टा एकमान हा स्वीडिश नट फाउस्ट झाला, एमिल यानिंग्ज मेफिस्टो, कामिला होर्न ग्रेटशेन आणि विल्हेल्म डीटर्ले तिचा भाऊ व्हालेंटीन. कार्ल होफमान याचे छायालेखन आणि रॉबर्ट हेर्ल्ट व वाल्टर रोरिश यांचे नेपथ्य यांमुळे प्रकाश व अंधार हीच जणू या चित्रपटाची खरी पात्रे झाली आहेत. इवल्याशा गावावर काळे पंख पसरून उभा राहिलेला सैतान आणि त्याच्या पंखांखालून उतरणारा महामारीचा धूर, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याच्या स्मरणातून ते जाणे कठीण.

मुर्नाऊने आपल्या चित्रपटास 'एक जर्मन लोककथा' असे उपशीर्षक दिले, ते हेतुपूर्वक होय. पटकथाकार हान्स कीझर याने लोकपुस्तक, मार्लो व गटे यांचे धागे एकत्र विणले. प्रारंभी देवदूत व मेफिस्टो यांच्यात पैज लागते. फाउस्टमधील दैवी अंश सैतानाने नष्ट केला तर पृथ्वी त्याची. पुढील रचना मात्र मूळ परंपरेहून वेगळी आहे. गावात महामारी पसरली आहे, लोक पटापट मरत आहेत, आणि वैद्य फाउस्ट त्यांना वाचवू शकत नाही. तो सैतानास बोलावितो तो ज्ञानासाठी नव्हे, सुखासाठी तर नव्हेच. लोकांचे प्राण वाचविण्यासाठी. हा पहिला करार केवळ एका दिवसाचा आहे. परंतु क्रूसासमोर तो कचरतो हे पाहताच ज्यांच्यासाठी त्याने आत्मा गहाण टाकला ते लोकच त्याला दगड मारतात. निराश होऊन तो विष घेऊ पाहतो, तेव्हा मेफिस्टो त्याला तारुण्याचा मोह दाखवितो. आणि तो एक दिवस ऐन विलासाच्या क्षणी संपतो, तेव्हा फाउस्ट करार कायमचा करून टाकतो.

कराराचे हे दोन टप्पे विचार करण्याजोगे आहेत. पहिली स्वाक्षरी परोपकाराच्या भावनेने झाली. दुसरी भोगाच्या घाईत. पहिली नसती तर दुसरी झाली नसती. मोठे अधःपात सद्हेतूच्या दारातून आत येतात, हे सूत्र मुर्नाऊने ज्या स्पष्टतेने मांडले तितक्या स्पष्टतेने ते गटेच्या नाटकातही आढळत नाही. शेवटी ग्रेटशेनला चितेवर जाळले जात असता वृद्ध झालेला फाउस्ट तिच्याबरोबर अग्नीत प्रवेश करतो, आणि देवदूत मेफिस्टोला सांगतो की, एका शब्दाने तुझा करार रद्द झाला आहे. तो शब्द 'प्रेम' होय. या शेवटावर भाबडेपणाचा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि ग्रेटशेन येथे एकटी जळत नाही, हेही विसरून चालणार नाही. गटेच्या पहिल्या भागात फाउस्ट तिला तुरुंगात सोडून जातो. मुर्नाऊचा फाउस्ट परत येतो.

या चित्रपटाच्या संशोधनात पाठचिकित्सेचाही प्रश्न आहे. मूकपटांच्या काळी निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळ्या मूळ फिती तयार होत, व त्यांत एकाच दृश्याची वेगवेगळी चित्रणे वापरली जात. स्पॅनिश संशोधक लुसिआनो बेरिआतुआ याने या चित्रपटाच्या उपलब्ध प्रतींची तुलना करून त्यांतील भेद दाखवून दिले. हस्तलिखित पोथ्यांचे पाठभेद लावण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या परिश्रमांचे मोल सांगावयास नको. चित्रपटाचा 'पाठ' ही स्थिर वस्तू आहे असे गृहीत धरून केलेली टीका किती अस्थिर पायावर उभी असते, याचा हा उत्तम धडा आहे.

६. क्राकाउअरचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा

जर्मन मूकपटांविषयी बोलताना झीग्फ्रीड क्राकाउअर याच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांत त्या राष्ट्राच्या मनोवृत्तीचे प्रतिबिंब दिसते, आणि जुलमी सत्ताधीशापुढे शरण जाण्याची प्रवृत्ती त्यांतून पुढे हिटलरपर्यंत पोचते, असा त्याचा सिद्धान्त. 'प्रागचा विद्यार्थी'मधील दुभंगलेला नायक त्यास जर्मन मध्यमवर्गाच्या दुभंगाचे चिन्ह वाटला. मुर्नाऊच्या 'फाउस्ट'विषयी मात्र त्याचे मत प्रतिकूल होते. क्राकाउअर स्वतः निर्वासित झालेला होता. त्याच्या लेखनामागील वेदना खरी आहे, आणि चित्रपट हे इतिहासाचे साधन होय हे त्याने प्रथम ठामपणे प्रस्थापित केले, याबद्दल इतिहासकारांनी त्याचे ऋणी असावे.

तथापि या पद्धतीत एक धोका आहे. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने प्रारंभाकडे पाहिले म्हणजे सर्व वाटा त्या शेवटाकडेच जाताना दिसतात. एका राष्ट्राचा आत्माच जर आधीपासून विकलेला होता असे मानले, तर व्यक्तीची स्वाक्षरी निरर्थक ठरते. आम्हांस येथे काही साध्या चरित्रविषयक गोष्टी मांडावयाच्या आहेत.

'प्रागचा विद्यार्थी' पुन्हा १९२६ साली हेन्रिक गालेन याने काढला. त्यात आत्मा विकणाऱ्या बाल्डुइनची भूमिका कोनराड फाइट याने केली व विकत घेणाऱ्या स्कापिनेल्लीची वेर्नर क्राउस याने. १९३३ साली फाइट याने आपल्या यहुदी पत्नीसह जर्मनी सोडली. क्राउस राहिला, आणि १९४० च्या 'यूद झ्यूस' या कुप्रसिद्ध यहुदीद्वेष्ट्या चित्रपटात त्याने एकाहून अधिक भूमिका केल्या. याच कथेच्या १९३५ च्या बोलपटातील नायक आडोल्फ वोलब्रूक पुढच्याच वर्षी देश सोडून गेला व इंग्लंडमध्ये अँटन वॉलब्रुक या नावाने प्रसिद्धीस आला. मूळ लेखक एव्हर्स याने मात्र १९३२ साली होर्स्ट वेसल या नाझी कार्यकर्त्यावर गौरवपर कादंबरी लिहिली. तरीही नव्या राजवटीने लवकरच त्याच्या पुस्तकांवर बंदी घातली. मुर्नाऊच्या 'फाउस्ट'मधील मेफिस्टो एमिल यानिंग्ज अमेरिकेतून परतून नाझी काळात 'ओम क्र्यूगर' यासारख्या प्रचारपटांचा नायक झाला. त्याच चित्रपटातील व्हालेंटीन, म्हणजे डीटर्ले, १९३० सालीच अमेरिकेत गेला होता व तेथे त्याने जर्मनीतून आलेल्या निर्वासितांना साहाय्य केले.

या यादीचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्यांना यहुदी संबंधांमुळे देशात राहणेच धोक्याचे होते आणि ज्यांना ते सोयीचे होते, त्यांच्यासमोरील पर्याय सारखे नव्हते; म्हणून सर्वांस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु एवढे निश्चित की, एकाच शहरात, एकाच चित्रगृहात, एकाच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले. पडद्यावरील भूमिकेवरून कोणाचा मार्ग कोणता हे सांगता आले नसते. चित्रपट भविष्य वर्तवीत नाही. तो फार तर प्रश्न विचारतो, आणि उत्तर ज्याचे त्याला द्यावे लागते.

७. कर्जदार शेतकरी आणि अणुयुगातील पंडित

निर्वासित झालेल्या डीटर्लेने १९४१ साली अमेरिकेत ही कथा पुन्हा हाती घेतली, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. स्टीफन व्हिन्सेंट बेने याच्या १९३६ सालच्या लघुकथेवरून त्याने 'सैतान आणि डॅनियल वेब्स्टर' या कथेचा बोलपट केला. येथे पंडित नाही, ग्रंथालय नाही. न्यू हॅम्पशायरमधील कर्जाने गांजलेला जेबेझ स्टोन हा शेतकरी आहे. सात वर्षांच्या भरभराटीच्या बदल्यात तो आत्मा देतो. वॉल्टर ह्यूस्टन याने रंगविलेला स्क्रॅच नावाचा सैतान हसतमुख, गावरान व शेजाऱ्यासारखा वाटतो. धन मिळताच स्टोन स्वतः सावकार होऊन शेजाऱ्यांस पिळू लागतो, हा तपशील फार महत्त्वाचा. सैतानाचा ऋणको दुसऱ्यांचा धनको होतो.

करार रद्द होतो तो प्रेमाने नव्हे, खटल्याने. डॅनियल वेब्स्टर हा थोर वक्ता स्टोनच्या वतीने उभा राहतो. पंच म्हणून बसतात ते इतिहासातील देशद्रोही व पापी मृतात्मे. वेब्स्टर जेव्हा सैतानाच्या परकेपणावर बोट ठेवतो, तेव्हा स्क्रॅच आपण या देशाचे जुने नागरिक असल्याचा दावा करतो : आदिवासींवरील पहिल्या अन्यायाच्या वेळी आणि गुलामांचे जहाज निघाले तेव्हा आपण हजर होतो, असे तो सांगतो. सैतान बाहेरून आलेला नाही, हे जर्मनीतून बाहेर पडलेल्या दिग्दर्शकाने अमेरिकन प्रेक्षकांस ऐकवावे, यातील धैर्य ओळखले पाहिजे. चित्रपटाच्या अखेरीस स्क्रॅच आपली वही चाळत पुढचे गिऱ्हाईक शोधतो आणि थेट प्रेक्षकांकडे बोट दाखवितो.

युद्धानंतर रने क्लेअर याने १९५० साली 'सैतानाचे सौंदर्य' हा फ्रेंच चित्रपट केला. यात वृद्ध फाउस्ट व मेफिस्टो यांची देहांची अदलाबदल होते. मिशेल सिमों व जेरार फिलिप या दोन नटांनी या दुहेरी भूमिका मोठ्या कौशल्याने वठविल्या आहेत. तारुण्य आधी फुकट मिळते. स्वाक्षरी मागाहून, चटक लागल्यावर मागितली जाते. मेफिस्टो आरशात फाउस्टला त्याचे भविष्य दाखवितो : विज्ञानाच्या बळावर मिळालेली सत्ता, आणि त्या सत्तेच्या शस्त्रांनी उद्ध्वस्त झालेली नगरे. हिरोशिमानंतर पाच वर्षांनी हे दृश्य पाहणाऱ्यास स्पष्टीकरणाची गरज नव्हती. 'प्रागचा विद्यार्थी'मध्ये आरसा मनुष्यास त्याच्या कृत्यापासून तोडीत होता. येथे तोच आरसा त्यास कृत्याचा परिणाम आगाऊ दाखवून जबाबदार करतो.

८. मुखवट्याचा खटला

आता जे प्रकरण सांगावयाचे ते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद होय. गुस्टाफ ग्रुंडगेन्स या नटाने १९३२ साली बर्लिनच्या राजकीय रंगभूमीवर मेफिस्टोची भूमिका केली व तो कीर्तीच्या शिखरावर पोचला. १९३४ साली ग्योरिंगच्या आश्रयाने तो त्याच रंगभूमीचा प्रमुख झाला. त्याचा एके काळचा मित्र व मेहुणा क्लाउस मान याने निर्वासित अवस्थेत 'मेफिस्टो' ही कादंबरी लिहिली. ती १९३६ साली अॅमस्टरडॅम येथे निघाली. तीतील हेंड्रिक हफगेन हा नट महत्त्वाकांक्षेपोटी राजवटीशी जुळवून घेतो, आणि ग्रुंडगेन्सशी त्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येण्याजोगे होते. दुसऱ्या बाजूने, ग्रुंडगेन्सने आपल्या पदाचा उपयोग काही संकटग्रस्त सहकाऱ्यांना वाचविण्यासाठी केला, अशी साक्षही पुष्कळांनी दिली आहे. सद्हेतूची पहिली स्वाक्षरी व लोभाची दुसरी, यांची सरमिसळ प्रत्यक्ष जीवनात अशी असते.

युद्धानंतर ग्रुंडगेन्सने हांबुर्ग येथे 'फाउस्ट' पुन्हा बसविले. त्याचे चित्रपटरूप १९६० साली त्याचा दत्तक पुत्र पेटर गोर्स्की याने दिग्दर्शित केले. विल क्वाडफ्लीग फाउस्ट व स्वतः ग्रुंडगेन्स मेफिस्टो. गटेच्या 'रंगभूमीवरील नांदी'पासून प्रयोगाची सुरुवात होते, म्हणजे हे सारे नाटक आहे हे आधीच उघड केले जाते. या नांदीची कल्पना गटेस कालिदासाच्या 'शाकुंतल'मधील प्रस्तावनेवरून सुचली असे सामान्यतः मानतात. फोर्स्टर याचा जर्मन अनुवाद १७९१ साली निघाला होता व गटे त्यावर लुब्ध झाला होता. परंतु सूत्रधाराने उघड केलेली नाट्यमयता आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फासून 'मी केवळ नट आहे' असे सुचविणारी नाट्यमयता यांत अंतर आहे. हा मुखवटा कलेचा की आत्मसमर्थनाचा, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातून जात नाही.

ग्रुंडगेन्स १९६३ साली वारला. त्यानंतर पश्चिम जर्मनीत कादंबरी छापण्याचे ठरताच त्याचा वारस म्हणून गोर्स्की याने दावा लावला. हांबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने १९६६ साली प्रकाशनास मनाई केली. आणि १९७१ साली संघराज्याच्या घटना-न्यायालयात न्यायाधीशांची मते तीन विरुद्ध तीन अशी समान विभागली गेल्याने ती मनाई कायम राहिली. कलेचे स्वातंत्र्य श्रेष्ठ की मृताची प्रतिष्ठा, हा या निकालातील प्रश्न आजही कायद्याच्या वर्गांत शिकविला जातो. एक दंतकथा, एक कादंबरी आणि एक चित्रपट यांची अशी कायदेशीर गाठ अन्यत्र पडलेली आम्हांस ठाऊक नाही.

मनाई असताही १९८१ साली कादंबरी पश्चिम जर्मनीत निघाली, आणि त्याच वर्षी हंगेरियन दिग्दर्शक इश्तवान साबो याचा 'मेफिस्टो' प्रदर्शित झाला. क्लाउस मारिया ब्रांडाउअर याने साकारलेला हफगेन कोठेही स्वाक्षरी करीत नाही. रक्त नाही, कागद नाही. एक निमंत्रण स्वीकारले जाते, एका मित्राचे नाव उच्चारण्याचे टाळले जाते, एक पद मिळते. शेवटी प्रचंड क्रीडांगणात प्रकाशझोतांत सापडलेला तो विचारतो की, मी तर फक्त नट, मजकडून यांना काय हवे? करार असा सवडीने, तुकड्यातुकड्यांनी होतो, हे साबोने दाखविले. या चित्रपटास परदेशी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे २००६ साली असे उघडकीस आले की, १९५६ च्या उठावानंतरच्या काळात, विद्यार्थी असताना, साबो स्वतः राज्याच्या गुप्त पोलिसांना अहवाल देत असे. ते त्याने नाकारले नाही. या माहितीमुळे चित्रपटाची किंमत कमी होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु तो आता केवळ दुसऱ्यावरचा आरोप म्हणून पाहता येत नाही, हेही खरे.

९. अलीकडील दोन रूपे

चेक कलावंत यान श्वांकमायर याच्या १९९४ च्या चित्रपटात प्रागमधील एका सामान्य माणसाच्या हाती रस्त्यावर एक नकाशा दिला जातो. कुतूहलाने तो त्या पडक्या इमारतीत जातो, तेथे पडलेली फाउस्टची संहिता वाचू लागतो, आणि वाचता वाचता फाउस्टच होऊन बसतो. बाहुल्या माणसांएवढ्या होतात व माणसे बाहुल्यांसारखी हलविली जातात. कळसूत्री खेळाची जुनी परंपरा येथे आपल्या मूळ अर्थाने परत आली : स्वाक्षरी करणारा हातच जर दोरीने हलत असेल तर करार कोणाचा? शेवटी पळून जाणाऱ्या त्या माणसास मोटार चिरडते. मोटारीत चालक नसतो.

रशियन दिग्दर्शक अलेक्सांद्र सोकुरोव याचा 'फाउस्ट' २०११ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा मानकरी ठरला. हिटलर, लेनिन व हिरोहितो यांच्यावरील तीन चित्रपटांनंतरचा हा चौथा. सत्ताधीशांच्या मालिकेत फाउस्टला बसविणे हेच एक भाष्य होय. प्रारंभीच फाउस्ट प्रेत फाडून आत्म्याचा शोध घेतो. सैतानाच्या जागी एक सावकार आहे. भुकेला फाउस्ट त्याच्याकडे काही गहाण टाकावयास येतो. करार अगदी उशिरा होतो, एका रात्रीच्या सुखासाठी; आणि स्वाक्षरीपूर्वी फाउस्ट त्या कागदातील भाषेच्या चुका काढतो. पंडिताची विद्वत्ता मजकूर शुद्ध करण्यापुरती उरली आहे, मजकूर नाकारण्यापुरती नाही. शेवटी फाउस्ट त्या सावकारासच दगडांखाली गाडून बर्फाळ ओसाडीत एकटा पुढे निघतो. आता त्याला सैतानाची गरज राहिलेली नाही.

१०. समारोप

सारांश, या शंभराहून अधिक वर्षांत करारपत्राचा प्रवास एका विशिष्ट दिशेने झालेला दिसतो. मेलिएसकडे तो चमत्काराचे निमित्त होता. १९१३ साली अर्थ न कळलेला कागद. मुर्नाऊकडे दोन टप्प्यांतील अधःपात. डीटर्लेकडे न्यायालयात आव्हान देता येणारा दस्तऐवज. साबोकडे तो अदृश्य झाला, श्वांकमायरकडे निनावी झाला, सोकुरोवकडे सैतानच निकामी ठरला. कागद जसजसा पुसट होत गेला, तसतसे सैतानाचे काम माणसे स्वतःच करू लागली.

यावरून, आधुनिक काळात जबाबदारीची कल्पनाच विरून गेली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. आमचे मत तसे नाही. सोळाव्या शतकातील लोकपुस्तकाने स्वाक्षरीवर एवढा भर दिला, कारण स्वाक्षरी हीच इच्छास्वातंत्र्याची खूण होती. सैतानालाही ती जबरदस्तीने घेता येत नाही. कागद नाहीसा झाला तरी ती अट नाहीशी होत नाही. फाइट व क्राउस, डीटर्ले व यानिंग्ज यांच्या आयुष्यांनी तेच दाखवून दिले. त्यांच्यापुढे कोणी रक्ताने लिहिलेला कागद ठेवला नव्हता. तरीही प्रत्येकाने आपापले उत्तर दिले. चित्रपटांतून राष्ट्रांची मने वाचू पाहणाऱ्या इतिहासकाराने व्यक्तीच्या या उत्तराचा हिशेब सोडता कामा नये. ते उत्तर एकदा 'काळा'च्या किंवा 'राष्ट्रमना'च्या नावावर मांडले, की प्रतिबिंबाने केलेल्या हत्येची जबाबदारी नाकारणाऱ्या बाल्डुइनचीच सबब आपण पुढे करू लागतो.